दाऊदचं सोनं

दसऱ्याच्या दुपारी मथुराबाई नवऱ्याला मुंडासं बांधत होती. राक्षसभुवनच्या लढाईत सोनबाचा उजवा हात गेला, तेव्हापासून हे काम तिच्याकडे होतं. दर दसऱ्याला सीमोल्लंघनाआधी सगळं घर आपट्याची पानं घेऊन पेठेबाहेरच्या कबरस्तानात जायचं. तिथं दाऊद गारदी निजला होता.

लढाईत सोनबाचा घोडा पडला, तेव्हा याच दाऊदनं हातातली बंदूक टाकून त्याला पाठीवर घेतलं होतं आणि मारामारीतून बाहेर काढलं होतं. बंदूक टाकली म्हणून पुढं त्यानं फटकेही खाल्ले. त्याला मागंपुढं कुणी नव्हतं. थकल्यावर तो सोनबाच्या ओसरीवर राहायला आला आणि तिथंच तापानं गेला. खांदा सोनबानंच दिला होता.

पण यंदा भाद्रपदात शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशव्यांचा खून केला होता. पुणं आतून पेटलेलं होतं. गारदी म्हटलं की लोक थुंकत. आदल्या दिवशी पथकाचे सरदार आप्पासाहेब मुद्दाम घरी येऊन गेले होते. सोनबाचा मुलगा भैरू त्यांच्याच पथकात स्वार होता. यंदा कबरीवर गेलात तर भैरूनं दुसरं पथक बघावं, असं ते पान खात सांगून गेले.

सोनबाला रात्रभर झोप लागली नव्हती. स्वतःचं काय, त्याचं सगळं करून झालं होतं. पोराचं आयुष्य पुढं होतं. म्हणून मुंडासं बांधून होताच त्यानं भैरूला घरीच थांबायला सांगितलं. सून शालू मात्र पोरीला कडेवर घेऊन आधीच दारात उभी होती.

"मागच्या गल्लीनं जाऊ या," मथुराबाई म्हणाली. "कुणाच्या डोळ्यांवर यायला नको."

"दाऊदनं मला चोरून नाही आणलं," सोनबा म्हणाला. "भर रणातून आणलं."

मग ते पेठेच्या मधल्या रस्त्यानंच निघाले. पानं सोनबानं डाव्या हातात वर धरली होती. ओळखीची माणसं दारं लोटून घेत होती. एकानं मागून शिवी दिली. सोनबा थांबला, त्यानं वळून त्या माणसाकडे नीट बघितलं आणि तो पुन्हा चालू लागला. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. भैरू येत होता. सोनबानं त्याला परत जायला सांगितलं नाही. सांगवेना.

कबरस्तानात कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं. दाऊदच्या उशाचा दगड उपटून फेकला होता. वेशीपाशी आप्पासाहेब चार माणसं घेऊन उभे होते. सोनबानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि एका हातानं दगड हलवू लागला. दगड हलेना. त्याच्या कपाळाची शीर तटतटली. मग भैरू बसला, मथुराबाईनं पदर खोचला, शालूनं पोरीला खाली सोडलं. सगळ्यांनी मिळून दगड जागेवर उभा केला आणि हातांनी माती दाबली.

आप्पासाहेब जवळ आले. "सोनबा, हा खुन्यांच्या जातीचा होता."

"खून झाला तेव्हा हा या मातीखाली होता, आप्पासाहेब. आपण कुठं होता?"

आप्पासाहेबांचा चेहरा पडला. त्या दिवशी वाड्याच्या आसपास असलेल्या किती जणांनी आपली दारं आतून लावून घेतली होती, हे पेठेला ठाऊक होतं. ते माणसांना घेऊन निघून गेले.

सोनबानं पानं दगडापाशी ठेवली. "सोनं घे रे," एवढंच म्हणाला. मग सगळ्यांनी हात जोडले.

भैरूला पथकातून काढलं ते काढलंच. दिवाळीनंतर तो दुसऱ्या सरदाराच्या पागेत लागला, घोडा मात्र तिथं थोराड आणि अडेल मिळाला. दगड त्यानंतर दोनदा पडला. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला, आणि दुसऱ्या वेळी तर मथुराबाईनं एकटीनं जाऊन भरदुपारी त्याच्या बुडाशी चुना घातला.