वर्गाने ओरडायचं असतं

वर्षाच्या शेवटच्या शनिवारी आपण कसे वागलो ते आपणच कागदावर लिहायचं, उभं राहून वर्गाला वाचून दाखवायचं आणि खाली स्वतःच स्वतःला शेरा द्यायचा, ही त्या शाळेची जुनी रीत. शाळेची कसली, सगळ्या मुलखाचीच. शेरे तीन: उत्तम, बरी, साधारण. आता कुणी शहाणा स्वतःला 'उत्तम' लिहीत नाही. लिहिलंच तर पोरं हुर्यो करतात आणि बाई चष्म्यावरून बघतात. म्हणून सगळे एक पायरी खाली उतरून 'बरी' लिहितात. मग वर्ग ओरडतो, "उत्तम! उत्तम!" आणि बाई हसून 'उत्तम' लिहून टाकतात. म्हणजे नम्रपणाही झाला आणि शेराही हातचा गेला नाही. सगळं नाटक आहे, सगळ्यांना माहीत आहे, आणि वर्षानुवर्षं ते बिनबोभाट चाललंय.

अकरावीच्या त्या वर्गाची मॉनिटर होती न्यान. हुशार, नीटनेटकी आणि न्यायी. इतकी न्यायी, की वीट यावा! बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची वेळ आली की पहिलं नाव आपल्या जिवलग मैत्रिणीचं लिहायची, का तर उद्या कुणी बोट दाखवायला नको. ही जिवलग मैत्रीण म्हणजे लुआ. बिचारीने तोंडसुद्धा उघडलेलं नसायचं, तरी फळ्यावर चढायची आणि वर हसून विचारायची, "बये, आज मी काय बोलले तेवढं तरी सांग की!"

लुआ नदीतल्या बेटावरची. घरी जायचं म्हणजे दोन होड्या बदला, त्यात भरती-ओहोटी सांभाळा. रोजचं येणं-जाणं शक्यच नव्हतं, म्हणून ती शाळेच्या वसतिगृहात राहायची. तिथलं जेवण म्हणजे भात, पाण्यातली भाजी आणि मासळीच्या रश्शाचा नुसता वास. पण फुकट होतं. बारावीला तिथे जागा टिकवायची तर वर्तणूक 'उत्तम' लागायची. त्यात तडजोड नाही. जागा गेली की शाळा गेली, इतकं ते सरळ होतं. तिच्याच बेटावरच्या दोघी अशाच घरी बसल्या होत्या, आणि त्यातल्या एकीचं तर लग्नही उरकून टाकलं होतं.

आणि लुआ गायची. काय गायची म्हणून सांगू! तिच्या मामाचा लग्नात वाजवणारा बँड होता. शनिवारच्या जादा तासाला दांडी मारून ही मामाच्या मोटारसायकलवर मागे बसायची, आणि गावोगावच्या मांडवांत टिकल्यांचा झगा घालून गायची. तिकडची लग्नं म्हणजे काय विचारता! नवरी मांडवात यायच्या आधीच बियरचे डबे फुटलेले असतात आणि काका-मामा लोक बर्फाचे ग्लास हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर डुलत असतात. लुआ त्यातल्या थेंबालाही शिवली नव्हती. पण दारूच्या बैठकीला जायचं नाही असा शाळेचा नियम होता, आणि नियमाला तुम्ही प्यालात की गायलात याच्याशी काय देणंघेणं?

हे वर्गात एकट्या न्यानला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत तोआन आपल्या ताईच्या लग्नाचे फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवत होता, आणि एका फोटोत मागे, अर्धवट का होईना, टिकल्यांचा झगा दिसत होता. तोआन दुसऱ्या गटाचा प्रमुख. कोण उशिरा आलं, कुणाचा शर्ट बाहेर होता, सगळं वर्गात उठून सांगायचं हे त्याचं कामच. न्यानने तो झगा लगेच ओळखला.

दुपारी दोघी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर तिखटमीठ लावून कैरी खात बसल्या होत्या. म्हणजे लुआ खात होती.

"तोआनच्या ताईच्या लग्नात तू गायलीस?" न्यानने विचारलं.

"गायले की! तो येडा पुढच्याच टेबलावर होता. टाळ्या वाजवून वाजवून हात लाल केले त्याने."

"हसतेस काय दात काढून! उद्या वर्गात उठून बोलला म्हणजे?"

"नाही गं बोलणार. त्याला काय पडलंय?"

"आणि बोललाच तर? दुसऱ्याने सांगितलं की ते लपवलेलं ठरतं. लपवलं म्हणजे थेट 'साधारण'. मग बस बेटावर नारळ सोलत! त्यापेक्षा तूच आधी सांगून मोकळी हो. कबूल केलं की वर्ग माफ करतो. आपल्या विन्हने गेल्या वर्षी कॉपी कबूल केली, तरी 'उत्तम' ओरडलेच ना सगळे?"

लुआ कैरीची फोड मिठात घोळवत बसली, खाल्ली मात्र नाही. "विन्ह गावातला आहे गं. त्याला सगळे लहानपणापासून ओळखतात. मला भीती वाटते. नाही सांगितलं तर नाही चालणार?"

"मी आहे ना," न्यान म्हणाली.

हे म्हणायला काही लागत नाही. पण न्यानने ते अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि लुआनेही ते मनापासून ऐकलं. तिथेच बसून तिने आपला कागद पुन्हा लिहिला.

शनिवारी उकाडा असा होता की पंखे फिरत होते ते नावालाच. वर्गशिक्षिका लोआनबाई टेबलापाशी पेन उघडून बसल्या होत्या. बाई तशा मायाळू, पण वर्षअखेरीच्या कागदांनी पार पिचून गेलेल्या. एकेक जण उठत होता. एकाने भौतिकशास्त्राच्या तासाला घोरल्याचं कबूल केलं. "आम्हाला माहीत आहे!" म्हणून पोरं खिदळली आणि वर "उत्तम!" ओरडली. एकीने झाडलोटीची पाळी चुकवली होती. "उत्तम!" विन्हने या वर्षी काहीच केलं नव्हतं, तेव्हा त्याने "मी मनातल्या मनात पुष्कळ चुका केल्या" असं लिहून आणलं होतं. त्याला तर बाकं बडवून "उत्तम" मिळालं. नाटक अगदी रंगात आलं होतं.

मग लुआ उठली.

तिचा आवाज एरवी मागच्या भिंतीला आपटून परत यायचा. आज पहिल्या बाकालाही ऐकू येईना. "मी शनिवारच्या जादा तासांना गैरहजर राहिले," तिने वाचलं. "मी मामाच्या बँडबरोबर लग्नांत गायले. तिथे दारू होती. मी प्याले नाही. मी चुकले. माझ्या मते माझी वर्तणूक 'बरी' आहे."

वर्ग गप्प झाला.

दुष्टपणा नव्हता त्यात कुणाचा. झोप आणि झाडलोट ऐकायला बसलेल्या पोरांपुढे हे एकदम भलतंच आलं होतं. ह्याला 'उत्तम' ओरडायचं असतं की नाही, तेच कुणाला कळेना. वर शिस्तीत पहिल्या येणाऱ्या वर्गाला समुद्रावरची सहल मिळायची होती, ती हुकेल ही धाकधूक होतीच. जो तो दुसऱ्याचं तोंड बघू लागला, आणि बघता बघता सगळी तोंडं न्यानकडे वळली.

न्यानच्या घशाशी शब्द आला होता. पण तिला वाटलं, मी मॉनिटर, त्यात तिची मैत्रीण. मी पहिली ओरडले तर म्हणतील, बघा, आपल्या माणसाला सांभाळते. आधी कुणीतरी ओरडू दे, मग मी आवाज मिसळते. आत्ता ओरडतील. आता ओरडतील. तिने डेस्कवर नजर लावली आणि मूग गिळून बसली.

बाईंनी पेन उचलून धरलं होतं. त्यांनी वर्गाकडे बघितलं, मग न्यानकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, असं नंतर सगळे म्हणाले. न्यानने काही मान वर केली नाही.

"बरं," बाई म्हणाल्या आणि लुआने जे लिहिलं होतं तेच त्यांनी लिहिलं. "पुढचा."

लुआ अजून उभीच होती. आपलं झालं हे तिला कळलंच नव्हतं. शेजारणीने बाही ओढली तेव्हा ती खाली बसली.

मधल्या सुट्टीचा ढोल वाजला. उपमुख्याध्यापक दारात येऊन वसतिगृहातल्या मुलांचे शेरे घेऊन गेले. त्यांची यादी आजच वर जायची होती. न्यान मोरीपाशी तोंडावर पाणी मारत होती, तिथे तोआन तिला शोधत आला. चांगलाच तापला होता.

"काय मॉनिटर आहेस गं तू?"

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस, तेच म्हणतोय! तू ओरडशील म्हणून आम्ही थांबलो ना सगळे! म्हटलं, तिची मैत्रीण आहे, काय ते तिला ठाऊक. तू गप्प, म्हणजे आत काहीतरी भानगड असणार असं वाटलं आम्हाला."

"तू... तू नव्हतास सांगणार? लग्नाचं?"

"मी कशाला सांगू? डोकं फिरलंय का माझं? माझ्या ताईचं लग्न होतं ते! माझी आजी रडली तिचं गाणं ऐकून. अजून विचारते, ती पोरगी कुठली म्हणून." तो थांबला. न्यानचं तोंड बघून त्याला काहीतरी उमगलं असावं. "तिला कबूल करायला कुणी सांगितलं?"

न्यानने ओलं तोंडही पुसलं नाही. ती शिक्षकांच्या खोलीकडे धावत सुटली.

लोआनबाई बर्फ घातलेला चहा पीत होत्या. न्यानने एका दमात सगळं सांगितलं, की चूक माझी आहे, मीच तिला लिहायला लावलं, वर्ग ओरडणार होता, आम्हाला पुन्हा विचारा. बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"यादी गेली गं, पोरी."

"परत मागवा ना बाई."

"मागवली तर विचारतील, का मागवता? मग लग्न, बियर, दांड्या, सगळं त्यांच्यापुढे ठेवावं लागेल. मी फक्त शेरा दिलाय, कारण नाही कळवलं. ते उकरलं तर 'बरी'चं 'साधारण' होईल. मग दुसरी कुठली शाळाही घेणार नाही तिला." बाईंचा आवाज चिडका झाला. "मी पेन धरून थांबले होते, न्यान. आणखी किती थांबायचं मी? वर्गाने ओरडायचं असतं. मी ओरडू का?"

न्यान रडायला लागली. बाईंनी तिला रुमाल दिला नाही की जवळही घेतलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, आणि त्यांनाही ते जड जात होतं हे दिसत होतं. "जा वर्गात," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझी पाळी राहिली आहे."

मॉनिटरची पाळी सगळ्यात शेवटी. न्यान उभी राहिली तेव्हा लुआ मागच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडलेली वगैरे दिसत नव्हती. न्यानच्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, की मी सर्वांना समान वागवलं, कधी कुणाची बाजू घेतली नाही. ते वाचताना तिला तोंडात माती गेल्यासारखं झालं. तरी तिने वाचलं, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. "माझ्या मते माझी वर्तणूक 'बरी' आहे," तिने संपवलं, आणि मनाशी म्हणाली, ओरडू नका रे. देवाशपथ, कुणी ओरडू नका. राहू दे मला असंच.

क्षणभर खरंच कुणी ओरडलं नाही. तोआन हाताची घडी घालून बसला होता, आणि त्याच्याकडे बघून बाकीचेही गप्प होते.

"उत्तम!"

मागच्या बाकावरून आला तो आवाज. चांगला मोकळा, मांडवभर पोचणारा, भिंतीला आपटून परत येणारा. लुआ ओरडली होती. तिच्यामागोमाग मग हळूहळू दुसरे ओरडले, मग सगळेच ओरडले. सवयच होती त्यांना. बाईंनी मान खाली घालून 'उत्तम' लिहिलं.

शाळा सुटल्यावर न्यानने तिला व्हरांड्यात गाठलं. माफी मागायला आली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "तू कशाला ओरडलीस?"

"कुणीतरी पहिलं ओरडावं लागतं ना गं," लुआ म्हणाली. "नाहीतर राहूनच जातं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर न्यानला परवडलं असतं. तिने लुआचा हात धरला. लुआने तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेतला. ट्रंक अजून भरायची होती, खाट रिकामी करून किल्ली द्यायची होती आणि ओहोटी लागायच्या आत होडी गाठायची होती.