बो आणि के

सेत्सुको मियासाकाने पेन्सिल उचलली आणि किताझावासाहेबांच्या देखत त्यांनीच दिलेल्या कागदावर काट मारली.

जपानमधल्या सुवा गावच्या भिंगांच्या कारखान्यात पाहुण्यांना फिरवून माहिती देणं हे तिचं काम. फोटोत चेहरा रेखीव येतो आणि मागचे दिवे विरघळून मऊ होतात, त्या धूसरपणाला तिथे बो-के म्हणतात. शब्द आता जगभर गेलाय आणि परक्या जिभांनी त्याच्या शेपटीवर जोर द्यायला सुरुवात केलीय. उद्याच्या परदेशी गिऱ्हाइकांसमोर सेत्सुकोनेही तसाच जोर द्यायचा, शिवाय हा शब्द झेन मठातून आला असं सांगायचं, असा टोकियोच्या संचालकांचा हुकूम त्या कागदावर होता. झेन म्हटलं की पाहुण्यांचा खिसा सैल होतो, हे खरंच. पण थाप ती थापच.

"हा घरातला शब्द आहे," ती म्हणाली. "गोधडीचा रंग विटला की आई म्हणायची. आजोबा विसरायला लागले तेव्हाही म्हणायची. मठाबिठाचा काय संबंध? आणि दोन्ही अक्षरं सारखी. एकाला डोक्यावर बसवून दुसऱ्याला तुडवायचं नाही."

"मियासाकासान, मार्चमध्ये तुमचा करार संपतोय. संचालक उद्या स्वतः येतायत. मी काही करू शकणार नाही, मलाही नोकरी आहे."

"मग नका करू."

दुसऱ्या दिवशी ती जपानीत सांगत होती आणि किताझावा ते इंग्रजीत करत होते. शेवटच्या दालनात तिने दोन्ही अक्षरं सपाट उच्चारली. गोधडी सांगितली, आजोबाही सांगितले. मागे उभ्या संचालकांच्या कपाळाला आठी पडली.

तिला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण दोन शब्द कुठेही ओळखू आले असते. किताझावा बोलू लागले तशी ती कान देऊन उभी राहिली. राग तिने आधीच तयार ठेवला होता.

बो-के आला, सपाट. झेन आलाच नाही.

पाहुण्यांतल्या एका बाईंनी तो म्हणून पाहिला आणि 'के'वर ठेचकाळल्या. किताझावांनी हसून मान हलवली. संचालकांकडे न बघता त्यांनी तो पुन्हा म्हणून दाखवला, आणि बाईंना नीट जमेपर्यंत पुढचं दार उघडलं नाही.