कामाखालचं नाव

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण श्रीगोंद्याच्या एका कॉलेजात दर सुट्टीनंतर समुद्राचा चिखल यायचा. प्राणिशास्त्राच्या राजेश्वरी मॅडम तो रत्नागिरीकडच्या खाडीतून कॅनमध्ये भरून आणायच्या. चिखलातल्या बारीक कृमींच्या प्रजाती ओळखणं, हा त्यांचा अभ्यास. तो चिखल बारीक चाळणीतून धुवायचं आणि चाळणीवर उरलेल्या गाळातून एकेक कृमी ब्रशच्या टोकानं उचलायचं काम मात्र सहादूमामांचं.

मामा प्रयोगशाळेत परिचर होते. शिक्षण दहावी, नोकरी एकतीस वर्षांची. मिरजगावहून सकाळच्या एसटीनं यायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे. भाताच्या अर्ध्या शिताएवढी कृमी, तिच्या अंगावर वळ्या, वळ्यांवर केस. कितव्या वळीपासून केस बदलतात ते मॅडम मोजायच्या. बघून बघून मामाही मोजायला लागले होते. ते कुणी त्यांना शिकवलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये मॅडमनी एक बाटली ओळखून बाजूला ठेवली होती. सगळ्या कृमी एकाच, आधीपासून माहीत असलेल्या प्रजातीच्या. त्यांना रंग देण्याचं काम मामांकडे आलं. एक हिरवा रंग असतो, तो कृमीच्या अंगावर ठरावीक वळ्यांनाच धरतो, बाकीचा धुऊन जातो. मामांनी रंग दिला, धुतला आणि थांबले. बहुतेकांच्या मानेखाली रुंद हिरवा पट्टा होता. सात कृमींना मात्र पट्टा नव्हताच, नुसते दोन ठिपके.

"मॅडम, ह्ये सगळे एक न्हाईत," ते म्हणाले.

मॅडमनी वाकून पाहिलं. "रंग नीट बसला नसेल, मामा. जुना असेल."

दुसऱ्या दिवशी मामांनी ताजा रंग केला. दोन्ही तऱ्हेच्या कृमी एकाच बशीत ठेवल्या, घड्याळ लावून रंग दिला, घड्याळ लावूनच धुतला. पट्टा तो पट्टाच, ठिपके ते ठिपकेच. आता मॅडम खुर्ची ओढून बसल्या. दोन तास त्यांनी मान वर केली नाही.

त्यांनी फोटो काढून केरळातल्या एका तज्ज्ञांना पाठवले. आठवड्यानं उत्तर आलं. ठिपकेवाल्या कृमी लहान आहेत, म्हणजे त्याच प्रजातीची पिल्लं असावीत, मोठेपणी पट्टा येत असेल. मॅडमचा चेहरा उतरला. "त्यांचं म्हणणं खोडायला आपल्याकडे काही नाही, मामा."

"पिल्लं न्हाईत ती," मामा म्हणाले.

"कशावरून?"

ते त्यांना सांगता येईना. इतकी वर्षं पिल्लं हातात धरली होती, त्यांचं अंग वेगळं असतं, एवढंच त्यांना माहीत होतं. पण मनाला वाटतंय असं शास्त्रात चालत नाही, हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी कपाटातल्या त्याच खाडीच्या जुन्या बाटल्या काढल्या. अकरा वर्षांच्या. प्रॅक्टिकलचे तास सांभाळून, दुपारचा डबा टेबलाशीच खाऊन ते एकेक बाटली उपसून कृमींना रंग देत राहिले. सप्टेंबर संपता संपता, चौतिसाव्या बाटलीत, ठिपकेवाली एक कृमी सापडली. तशीच बारीक. पण तिच्या पातळ कातडीतून आत गोल गोल दाणे दिसत होते.

मामांनी मॅडमना वर्गातून बोलावून घेतलं. "बघा. अंडी हायेत पोटात. पिल्लाला कुठून अंडी?"

मॅडमनी पाहिलं. मग चष्मा काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावला. त्या संध्याकाळी केरळला पाठवलेल्या फोटोचं उत्तर तासाभरातच आलं. तज्ज्ञांनी आपलं म्हणणं मागं घेतलं होतं. प्रजाती नवी होती.

शोधनिबंध लिहून होत आला तसं मॅडमनी मामांना समोर बसवलं. "मामा, दोन गोष्टी करता येतात. या प्रजातीला तुमचं नाव देता येईल, ते कायम राहील. नाहीतर माझ्याबरोबर संशोधक म्हणून तुमचं नाव लावता येईल. पण संशोधकानं स्वतःचंच नाव प्रजातीला द्यायचं नसतं. तुम्ही सांगा."

मामांनी त्या रात्री घरी बायकोला, भागिरथीला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "किड्याला तुमचं नाव? लोक हसत्याल."

"हसू दे की. त्याचं काय न्हाई," मामा म्हणाले. "पर नाव दिलं म्हंजे त्यांनी मला मान दिला. आन् खाली नाव लागलं म्हंजे काम मी केलं."

"मग तुमी काम केलंय न्हवं?"

"व्हय."

सकाळी त्यांनी मॅडमना तेच सांगितलं. प्रजातीला खाडीचं नाव मिळालं. निबंधावर दोन नावं लागली. हुद्द्याच्या जागी काय लिहू, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "हाय ते लिवा. प्रयोगशाळा परिचर."

ज्यावरून प्रजाती ठरली तो मूळ नमुना पुण्याच्या संग्रहालयात जमा करायचा होता. मॅडमना परीक्षेचं काम होतं, म्हणून मामाच गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी बाटली उजेडात धरली, चिठ्ठी वाचली, नोंदवही उघडली. समोर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस बघून त्यांना वाटलं, कॉलेजनं शिपाई पाठवलाय.

"नमुना वेगळा कुणी ओळखला? संशोधकांची नावं सांगा."

मामांनी आधी मॅडमचं नाव सांगितलं. मग स्वतःचं, आडनावासकट, सावकाश.

"आणि हे कोण?"

"मी," मामा म्हणाले.

बाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "बसा ना सर. हे ठिपके तुमच्या लक्षात कसे आले, ते जरा सांगा मला."

मामा बसले आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागले.