उलट्या दोरांची होडी

मित्रांनो, माझ्या अंगावर डांबर आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही. एवढे आधी ऐकून घ्या, मग पुढे वाचा. जुन्या होड्या गोड बोलतात असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर त्याची माझी गाठ पडलेली नाही.

डॅन्यूब नदी समुद्राजवळ पोचता पोचता शेकडो फाटे फुटून बोरूच्या रानात पसरते. तिथे लिपोवान, म्हणजे पूर्वी रशियातून येऊन वसलेल्या लोकांच्या, एका गावात माझा जन्म झाला. गावात रस्ता नाही. दुकानात, चर्चमध्ये, लग्नाला, मसणात, सगळीकडे पाण्यानेच जायचे. मला बांधणाऱ्या म्हाताऱ्याने तुतीच्या वाकड्या फांद्या शोधून माझ्या बरगड्या केल्या, त्यांवर देवदाराच्या फळ्या ठोकल्या आणि वर काळेभोर डांबर फासले. तेव्हा मी दोन्ही टोकांना निमुळती होते, देखणी होते. पुढे इंजिनांचा जमाना आला. माझे मागचे टोक करवतीने कापले, तिथे जाड फळी बसवली आणि तिच्यावर इंजिन टांगले. मला कोणी विचारले नाही. होडीला कोण विचारतो?

माझा मालक तेरेंती. दाढी छातीपर्यंत, आवाज पलीकडच्या काठापर्यंत. त्याची बायको उलिता नाळेवर, म्हणजे माझ्या पुढच्या टोकावर, बसून जाळी ओढायची. वल्ही मारण्यात ती तेरेंतीपेक्षा सरस होती, पण इंजिनला तिने हात लावायचा नाही, असा त्याचा कायदा होता. "तू मासे काढ, चालवायचं मी बघतो," म्हणायचा. ती हसून म्हणायची, "बघ बाबा बघ. मासे तरी मला बघू देतोस, हेच खूप."

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला. इंजिनला एक दांडा असतो. मागे बसून तो दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. उजवीकडे ढकलला की डावीकडे. तेरेंतीचा हात आयुष्यभर असाच चालला. हाताला तेच सरळ वाटायचे.

मग एका हिवाळ्यात तो बर्फावर आपटला आणि त्याचा उजवा खांदा कायमचा दुखरा झाला. दांड्याची थरथर त्याला सोसेना. दात खाऊन चालवायचा आणि राग माझ्यावर काढायचा, फळीवर लाथा घालून. शेवटी गावातला इंजिन दुरुस्त करणारा सावेली आला आणि म्हणाला, "काका, दांडा सोडा आता. मधल्या फळीवर चाक बसवतो. चाकापासून पोलादी दोर दोन्ही अंगांनी मागे नेतो, कप्प्यांवरून, थेट इंजिनपर्यंत. एका बोटानं वळेल."

माझ्या दोन्ही कडांना भोके पडली. कप्प्या बसल्या, दोर ताणले गेले. खोटे कशाला बोलू, मला आवडले. म्हातारपणी अंगावर काही नवे चढले की कोणाला आवडत नाही? तेरेंती चाकावर बसला, उजवीकडे जायला म्हणून सवयीने हात डावीकडे फिरवला, आणि मी डावीकडे जाऊन शेजाऱ्याच्या धक्क्यावर धडकले. धक्क्यावर अंगाला साबण लावून उभा असलेला शेजारी पाण्यात पडला.

"तेरेंतीनं मोटारगाडी घेतली रे!" काठावरून कोणीतरी ओरडले. "हॉर्न कुठाय, हॉर्न?"

हसे झालेला माणूस फार धोकादायक असतो, मित्रांनो. तेरेंती काठावर उतरला तो थेट सावेलीकडे गेला.

"दोर उलटे बांध."

"काय?"

"डावा दोर उजवीकडे, उजवा डावीकडे. मी हात डावीकडे नेला की ती उजवीकडे गेली पाहिजे. दांड्यासारखी."

"अहो काका, जगातली सगळी चाकं एका बाजूनं फिरतात! चार दिवस चालवा, हाताला वळण लागेल."

"या वयात हाताला वळण लावू? होडी कोणाची आहे?"

"तुमचीच. पण उद्या दुसऱ्या कोणावर चालवायची वेळ आली तर?"

"दुसरं कोण चालवतंय? ही?" तेरेंतीने उलिताकडे बोट दाखवले. उलिता मासे साफ करत होती. तिची सुरी तेवढी जरा जोरात चालली.

सावेलीने मान हलवली आणि दोर उलटे बांधले. त्याचाही मला राग आहे. चूक दिसत असताना माणूस गप्प बसतो आणि वर म्हणतो, मी सांगितले होते. सांगून भागत नाही, बाबा. पाना तुझ्या हातात होता.

तेरेंती खूश झाला. मी पुन्हा त्याच्या हातासारखी चालू लागले. गावात वाहवा झाली. माझ्या पोटात मात्र दोन दोर एकमेकांच्या जागी ताणून बसले होते, आणि कप्प्यांवरून सरकताना कुरकुरत होते. ती कुरकूर कोणी ऐकली नाही. ग्रीस घातले की तीही बंद व्हायची.

शरद ऋतूतली एक सकाळ. दूरच्या तळ्यात दोघे जाळी काढायला गेले होते. तेरेंती काहीतरी बोलत होता, आणि बोलता बोलता त्याचे शब्द चिखलासारखे झाले. तोंड एका बाजूला ओघळले. तो चाकावरून घसरून माझ्या तळाशी पडला.

"तेरेंती! अरे, काय झालं? बोल ना!" उलिताने फोन काढला. बोरूच्या त्या रानात फोन म्हणजे खिशातला दगड. रुग्णवाहिकेची बोट गावात उभी असते. तिथवर त्याला पोचवायचे होते, लवकर. वल्ह्यांनी दुपार झाली असती.

तिने इंजिन चालू केले. नवऱ्याच्या कायद्याला तिने आयुष्यात पहिल्यांदा लाथ मारली, आणि चाक धरून गावाकडे जाणाऱ्या कालव्याच्या तोंडाकडे उजवीकडे वळवले.

मी डावीकडे गेले. सरळ बोरूत घुसले. इंजिनच्या पात्यांना पाणवेली गुंडाळल्या. तिने इंजिन वर उचलून, रडत, सुरीने त्या कापल्या. मला वल्ह्याने मागे ढकलले आणि पुन्हा निघाली. तिला वाटले, आपलाच हात चुकला. आपल्याला येतच नाही, हे इतकी वर्षे ऐकल्यावर माणसाला दुसरे काय वाटणार? या वेळी कालव्याच्या तोंडाशी विलोच्या झाडाचा बुंधा होता. तो चुकवायला तिने चाक जीव खाऊन फिरवले आणि मी बरोब्बर त्याच्यावर आदळले. माझी एक फळी फुटली. पाणी आत आले. तेरेंतीची दाढी भिजली.

"मेले, मला जमत नाही, मला काहीच जमत नाही!" ती ओरडली. मला ओरडता येत असते तर मी सांगितले असते, बाई, तुझं बरोबर आहे, दोर उलटे आहेत!

पाणी नवऱ्याच्या तोंडात जाऊ नये म्हणून ती गुडघ्यांवर बसली. डाव्या हाताने तिने त्याचे डोके मांडीवर उचलून धरले. उजवा हात वर चाकापर्यंत कसाबसा पोचला, आणि हाती लागली ती चाकाची खालची कड. तिने खाली धरूनच हात उजवीकडे ओढला.

मी उजवीकडे वळले.

ती दचकली. हात डावीकडे नेला, मी डावीकडे गेले. खालून धरले की हात एकीकडे जातो आणि चाकाचा माथा दुसरीकडे. माझ्या उलट्या दोरांना तेच हवे होते. तिला हे उमगले की नाही ठाऊक नाही. तिने चाक सोडले नाही आणि त्याचे डोकेही सोडले नाही. माझ्या कडेवरून पुढे डोळे लावून, अर्धी पाण्यात बसून, तिने मला गावात आणले.

तेरेंती वाचला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरा आधी आणलं असतं तर कदाचित बोलला असता." तो 'जरा' कुठे गेला, हे मला माहीत आहे. थोडा बोरूत गेला, थोडा विलोच्या बुंध्यावर.

वसंतात माझी फळी बदलली. सावेली पाना घेऊन आला, मान खाली घालून. "वहिनी, दोर सरळ करतो."

"थांब," उलिता म्हणाली. "होडी त्याची आहे. त्याला विचार."

तेरेंती धक्क्यावर खुर्चीत बसला होता. सावेली त्याच्यापुढे उकिडवा बसला. "काका, करू का सरळ?"

तेरेंतीने डावा हात उचलला, हवेत न दिसणारे चाक धरले आणि उजवीकडे फिरवले. मग त्याच हाताने उजवा काठ दाखवला. दोनदा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, तुमची वस्तू तुमच्या हाताला बसती करून घ्या, त्याला माझी ना नाही. पण तुम्ही पडाल त्या दिवशी ती कोणाच्या हातात जाणार आहे, तेवढे बघा. त्या माणसाला आजच शिकवा. एरवी माझ्या फळीला लाथा मारा, मी सोसेन.

सावेलीने दोर सरळ केले, आणि आता उलिता मला चालवते. तेरेंती नाळेवर बसतो, तिच्या जुन्या जागेवर. घाईत कधी तिचा हात त्या सकाळसारखा चाकाच्या खालच्या कडेला जातो आणि मी भलतीकडे वळू लागते. तेव्हा नाळेवरून तेरेंतीच्या डाव्या हाताची थाप माझ्या फळीवर बसते. एक, दोन.

"कळलं रे बाबा, वर धरते," ती म्हणते आणि हात वर नेते.