जुळलेल्या भुवयांचा डॉक्टर

कुरुंदवाडात धोंडुबाईंच्या नजरेला मोठा मान होता. कुणाची सोयरीक जुळत आली की आधी त्यांना बोलावणं जाई. नाक, भुवया, कपाळ पाहून त्या माणसाचा स्वभाव सांगत आणि ऐकणारे माना डोलावत. पण पुढं डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि सून स्नेहल त्यांना शहरात, राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टर श्रेयस तरुण होते. तपासायला ते अगदी जवळ वाकले, तेव्हा धुक्यातून का होईना, धोंडुबाईंना त्यांचा चेहरा दिसला. बारीक डोळे, जुळलेल्या भुवया, चोचीसारखं नाक. त्या ताडकन उठल्या आणि बाहेर बाकावर येऊन बसल्या.

"काय झालं, आत्या?" मागोमाग आलेल्या स्नेहलनं विचारलं.

"मी ह्याच्या हातात डोळा द्यायची न्हाय. भुवया बघितल्यास? असली माणसं घातकी असत्यात."

स्नेहल शेजारी टेकली. जरा वेळानं म्हणाली, "मला बघायला आलतासा, तवा माझ्या कपाळाला काय म्हणालतासा?"

धोंडुबाईंनी पदर सावरला. "अरुंद हाय म्हणालते. घर मोडंल म्हणालते. तुझ्या मामंजींनी ऐकलं न्हाय माझं."

"मग, मोडलं का?"

महापुरात पाणी घराच्या सोप्याला, पार ओसरीपर्यंत लागलं, तेव्हा हिनंच म्हशी सोडवून माळावर नेल्या होत्या. छावणीत आजारी सासऱ्यांचं सगळं हिनंच केलं होतं. धोंडुबाईंनी बाकावर हात टेकला.

"न्हाय मोडलं," त्या उठत म्हणाल्या. "चल आत."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. भुवया तशाच जुळलेल्या, नाकही तेच. म्हणजे आधी बघण्यात काही चूक झाली नव्हती.

"दिसतंय का, आजी?"

"दिसतंय की. बाळा, तुझ्या कॉलरीवर चहा सांडलाय."

डॉक्टर मोकळेपणानं हसले. धोंडुबाईही हसल्या आणि स्नेहलकडं वळल्या. तिचे कानाजवळचे केस पिकले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे कधी झालं, त्यांना कळलंच नव्हतं.

"सकाळपासनं काय खाल्लंस का?"

"घरी जाऊन जेवू की."

"न्हाय. हितंच जेवायचं."

कोपऱ्यावरच्या खानावळीत धोंडुबाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडून सुनेच्या ताटात घातली, आणि ती जेवत असताना तिच्याकडं निवांत बघत बसल्या.