मायच्या गुडघ्याची गादी

मानवजातीची गुडघेदुखी आता संपल्यात जमा आहे, असं भाग्येशने शहाद्याच्या घरी आल्या आल्या जाहीर केलं. तूर्त ती फक्त सशांची संपत होती.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तो पेशींपासून कूर्चा, म्हणजे गुडघ्यातली झिजणारी गादी, वाढवत होता. त्याची माय सिंधुबाई जन्मभर मिरचीच्या शेतात उकिडवी बसली, त्यात तिची गादी संपली. आता संडासात बसलं की उठवत नसे, आणि तिथून हाक मारायची लाज वाटे. म्हणून ती अलीकडे जेवणच कमी करत होती.

"पेशींना वाढीचे घटक द्यावे लागतात, माय. आपण मिरचीवर टॉनिक मारतो ना, तसं."

"मंग जरा जास्ती मार ना, भाऊ."

"जास्त झालं तर गादीऐवजी हाड बनू लागतं."

"म्हणजे युरियासारखंच शे, जास्ती टाका का नुसता पाला." सिंधुबाईने दमून पाय लांब केला. "मन्हा गुडघाले कव्हय लावशी?"

"दहा वर्षं तरी लागतील."

"बरं." तिने गुडघा चोळला. "तोपावत अंगणमानी ती प्लास्टिकनी खुर्ची शे ना, तिले मधमा भोक पाडी दे."