बोलेटाचं मत

बोलेटाच्या नावाचं मतदानाचं कार्ड वस्तीवर आलं, तेव्हा दुकानदाराने ते बोलेटाच्याच हातात दिलं. त्याच्याकडेच टपालाचंही काम असे. बोलेटा पाच वर्षांची होती आणि साखरेचे खडे न्यायला आली होती. "तुझं टपाल आलंय," तो म्हणाला. तिने कार्ड उलटसुलट पाहिलं, अंगातल्या कातडी कोटात सारलं आणि बर्फातून घरी निघाली.

चूक शहरातल्या कचेरीची होती. साडेपाच वर्षांपूर्वी वारलेल्या म्हाताऱ्या बोलेटाचं नाव यादीतून खोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वस्तीवर मात्र त्यात कुणाला काही खटकलं नाही. म्हातारी बोलेटा शरद ऋतूत गेली, जानेवारीत तिच्या लेकीला मुलगी झाली, तिला ते नाव दिलं आणि वस्तीच्या समजुतीप्रमाणे नावाबरोबर म्हातारीही परत आली. आजोबा इसायास नातीला "बायको" म्हणायचा. ती त्याला "नवऱ्या" म्हणायची. तिची आई काथ्रिना लाडात असली की पोटच्या पोरीला "आई" म्हणे. जावई एनोक दक्षिणेकडच्या शहरातला. नाव तिथेही असंच द्यायचे, पण सासूबाईंना मांडीवर घेऊन शी-शू धुवायची सवय व्हायला त्या बिचाऱ्याला वर्ष लागलं.

"बघ नवऱ्या, मला बोलावलंय," बोलेटाने कार्ड इसायासच्या नाकाशी धरलं.

इसायास हॅलिबट मासे धरायची दोरी गुंडाळत होता. त्याने नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हातातली दोरी सुटली. त्याचं कारण वस्तीवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेवीस फेब्रुवारी, १९८२ चं साल. सूर्य परत येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. ग्रीनलंडने युरोपच्या समुदायात राहायचं की बाहेर पडायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. गेले दोन महिने वस्तीवर दुसरा विषय नव्हता. कुत्र्यांना खायला घालताना, बर्फाला भोक पाडून दोरी सोडताना, प्रार्थनेनंतर कॉफी पिताना तेच. एकोणसत्तर मतदारांच्या वस्तीत एकशेअडतीस मतं झाली होती, कारण प्रत्येकाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं पटत होतं.

एनोकचं मात्र पक्कं होतं. "राहायचं," तो म्हणे. "इथे मासळीचा कारखाना व्हायचाय, त्याचे पैसे तिकडून यायचेत. आपण पन्नास हजार माणसं, बाबा. एकटे उभे राहिलो तर आपल्याला विचारतंय कोण?"

"आणि तिकडे राहून कोण विचारतं रे?" शेजारची सालोमिना दारातूनच बोलायची. ती सत्तरीची होती आणि आत यायचं आमंत्रण तिला कधी लागलं नाही. "आमच्या समुद्रातले मासे कुणी किती धरायचे ते तिकडे टेबलावर ठरतं. माझा लेक शरद ऋतूत बाहेरच्या पाण्यात गेला होता. जर्मन बोटींचे दिवे बघून त्याला वाटलं गावच आहे. जवळ गेला तर सगळे आपलेच मासे उचलत होते."

"मासे तुम्ही धरा, पण विकायचे कुणाला? सीलला?"

"तुझ्या सासूला विचार," सालोमिना बोलेटाकडे बोट दाखवायची. "तिने गेल्या वेळी कशी वस्ती हलवली होती!"

हे खरं होतं. दहा वर्षांपूर्वी, ग्रीनलंडचा कारभार चालवणाऱ्या डेन्मार्कने समुदायात जायचं का यावर मत घेतलं तेव्हा, म्हातारी बोलेटा घरोघर फिरून बायकांना "नाही" लिहायला सांगत होती. ग्रीनलंडने तेव्हा भरघोस "नाही" म्हटलं. पण मोजणी डेन्मार्कबरोबर एकत्र झाली, आणि त्या मोठ्या देशाच्या "हो"मध्ये इथलं "नाही" कुठल्या कुठे बुडालं. रेडिओवर निकाल ऐकून बोलेटा ताडकन उठली होती. "आपल्या घरातून दोन 'नाही' गेली होती ना?" तिने विचारलं होतं, आणि इसायासने मान डोलावली होती.

एकच गेलं होतं. इसायासने "हो" लिहिलं होतं. बोटीच्या इंजिनाला कर्ज मिळेल असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि इंजिनाच्या मोहापायी त्याने गुपचूप फुली मारली होती. इंजिन कधी आलं नाही. बोलेटा काही न कळता गेली, आणि तो मूग गिळून बसला तो बसलाच.

आणि आता एनोकने साफ सांगितलं होतं, कारखाना झाला नाही तर इथे माझं पोट भरणार नाही. राजधानीला, नुकला जाईन, बायको-पोरीला घेऊन. यात धमकी नव्हती. रात्रंदिवस राबून एनोकच्या बोटांची सालं निघाली होती, ते इसायासला दिसत होतं. "तुम्ही 'हो' लिहाल ना, बाबा?" काथ्रिनाने मतदानाच्या आदल्या दिवशी विचारलं होतं. इसायास "लिहीन" म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. बोलेटा एकदा गेली तेवढं बस झालं. आता तिला बोटीवर चढवून द्यायची त्याच्यात ताकद नव्हती.

मतदानाच्या दिवशी सगळे शाळेत जमले. शाळा आणि प्रार्थनाघर एकच. फळ्यावर आबियाने नकाशा लावला होता. आबिया मुलांना शिकवायचा, रविवारी प्रार्थना सांगायचा, आणि आज मतदान त्याच्याच हाती होतं. नकाशात समुदायाचे दहा देश एकाच पिवळ्या रंगात होते. फ्रान्स, जर्मनी, इटली, सगळे तळहाताएवढे. आणि वर, डाव्या बाजूला, तोच पिवळा रंग दिलेलं हे एवढं मोठं ग्रीनलंड.

"आपण बाहेर पडलो," आबिया रांगेतल्या लोकांना सांगत होता, "तर त्यांची निम्म्याहून जास्त जमीन जाईल."

"कुठे जाईल?" कुणीतरी विचारलं.

"जाईल कुठे? इथेच राहील."

लोक हसले, आणि मग हळूहळू हसू थांबलं. इसायासने नकाशाकडे पाहिलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरचा डोंगर, त्यामागचा डोंगर, आणि त्यामागे ती पांढरी पठारं, ज्यांच्यावर तो आयुष्यात फक्त दोनदा चढला होता आणि दोन्ही वेळा त्यांना दुसरं टोकच नाही असं वाटून परत फिरला होता. एवढं सगळं आज या खोलीतल्या दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने हलणार होतं. कोट्यवधी लोकांचा तो समुदाय, त्यांचे मंत्री, त्यांच्या इमारती, आणि त्यांचा नकाशा बदलायचा की नाही हे विचारायला कुणीतरी सालोमिनाच्या दारापर्यंत आलं होतं. सालोमिनाला चष्म्याशिवाय कागद दिसत नव्हता. प्रार्थनाघरात लहानपणी पहिल्यांदा घंटा ऐकली तेव्हा इसायासला असंच झालं होतं. यावेळी मोजणी कुणाबरोबर मिसळणार नव्हती. यावेळी बुडालं तर आपलंच आपल्यात बुडणार होतं.

"बोलेटा," आबियाने यादीवर बोट ठेवून वाचलं आणि मान वर केली.

बोलेटा टेबलापुढे उभी होती. कार्ड तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. तिच्या मागे इसायास, त्याच्या मागे काथ्रिना आणि एनोक.

आबियाला कायदा ठाऊक होता. अठरा वर्षं पूर्ण लागतात. पण तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला अक्षरं म्हाताऱ्या बोलेटानेच गिरवायला दिली होती, कोळशाने, डब्याच्या झाकणावर. एका कोपऱ्यात कुणीतरी टोपी काढली.

"हिला मत देता येणार नाही," आबिया शेवटी हळूच म्हणाला. "नियम आहे. हे नाव मला खोडायला हवं."

त्याने पेन उचललं. पेन कागदावर टेकेना. समोर ती उभी असताना तिच्या नावावर रेघ ओढायची कशी? जिवंत माणसाचं नाव खोडत नाहीत, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"इसायास, तू ओढ," आबियाने पेन पुढे केलं. "तू नवरा आहेस."

इसायासने पेन घेतलं. यादीत बोलेटाच्या नावाखाली दोन ओळी सोडून त्याचं स्वतःचं नाव होतं. गेल्या वेळीही असंच असणार. वरती तिचं "नाही" आणि खाली त्याचं खोटं. एकाएकी त्याला वाटलं, ती त्याच्याकडे बघते आहे, खालून, पाच वर्षांच्या उंचीवरून, आणि तिला सगळं दिसतंय. त्याला भीती वाटली नाही. नुसतं नवल वाटलं, की गेलेलं माणूस असं परत येऊन रांगेत उभं राहू शकतं, आणि आपण तिला साखरेच्या खड्यासाठी दुकानात पाठवतो.

"मी नाही ओढणार," तो म्हणाला. "काहीतरी दुसरं लिही."

आबियाने जरा विचार केला आणि नावापुढे लिहिलं, "हजर. मत दिलं नाही."

"झालं माझं?" बोलेटाने विचारलं.

"झालं," इसायास म्हणाला. "तू गेल्या वेळी दिलंस. आता माझी पाळी."

तो पडद्यामागे गेला. कागदावर एक प्रश्न आणि दोन चौकोन. राहायचं का? हो. नाही. बाहेर काथ्रिनाची कुजबुज ऐकू येत होती, बोलेटाचा कोट नीट करत असावी. "हो" लिहिलं की ती इथेच राहील, असं त्याने स्वतःला दोन महिने सांगितलं होतं. पण प्रश्नात बोलेटाचं नाव कुठे नव्हतं. एवढा मोठा प्रश्न, या पांढऱ्या पठारांचा, त्या समुद्राचा, आणि त्याचं उत्तर आपण नात मांडीवर राहावी म्हणून द्यायचं? एकदा इंजिनासाठी दिलं होतं. एनोकचं म्हणणं चुकीचं होतं असंही त्याला वाटेना. पन्नास हजार माणसं एकटी उभी राहतील की कोलमडतील, हे इसायासला कळत नव्हतं, आणि ज्यांना कळतं असं ते सांगत होते त्यांनाही कळत नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं की इथे पुन्हा कुणी विचारायला आलं नाही तरी चालेल, पण विचारलं तेव्हा खरं काय वाटतं ते सांगावं. आणि खरं म्हणजे, आपल्या समुद्राचं आपण ठरवावं असंच त्याला वाटत होतं. दहा वर्षांपूर्वीही वाटत होतं. त्याने "नाही"च्या चौकोनात फुली मारली आणि बाहेर आला.

संध्याकाळी काथ्रिनाने कॉफी केली, वाळवलेला हॅलिबट कापून ठेवला. सालोमिना दारातून आत येऊन बसलीच होती. एनोक आनंदात होता. शहरातले त्याचे मित्र "हो" लिहिणार होते, आणि घरातूनही तीन मतं पक्की होती.

"दोन," इसायास म्हणाला.

एनोकने कप खाली ठेवला.

"मी 'नाही' लिहिलं."

काथ्रिना तशीच उभी राहिली, हातात किटली. तिचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "तुम्ही कबूल केलं होतं, बाबा."

"केलं होतं."

"आणि हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही. तेच तर. दहा वर्षं कुणाला कळलं नाही." इसायास बोलेटाकडे वळला. ती जमिनीवर बसून हॅलिबट चघळत होती. "बोलेटा, मागच्या वेळी मी 'हो' लिहिलं होतं. इंजिनासाठी. तुला खोटं सांगितलं."

सालोमिना पुढे सरकून बसली. सगळे बोलेटाकडे बघत होते आणि तिच्या उत्तराची वाट बघत होते, एनोकसुद्धा, आणि हे कुणालाच विचित्र वाटलं नाही.

बोलेटाने तोंडातला घास गिळला. "मग मला का नाही सांगितलंस?"

"तू रागावशील म्हणून."

तिने जरा विचार केला. मग आई तिला सांगते तशी मान तिरकी करून म्हणाली, "आता नाही रागावत. पण पुन्हा असं करायचं नाही."

"नाही करणार," इसायास म्हणाला, आणि त्याला रडू आलं. त्रेसष्टाव्या वर्षी, जावयासमोर, तो लहान पोरासारखा रडला. काथ्रिनाने किटली खाली ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा राग गेला नव्हता. हात मात्र तिने काढला नाही. बऱ्याच वेळाने एनोक उठला, बाहेर जाऊन कुत्र्यांना खायला घालून आला आणि सासऱ्याचा कप भरला.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर निकाल आला. शंभरातल्या त्रेपन्नांनी बाहेर पडायचं म्हटलं होतं. वस्तीवर लोक घरांबाहेर येऊन नुसते उभे राहिले, कुणी नाचलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळे एकदा डोंगराकडे आणि एकदा एकमेकांकडे बघत होते, आणि इसायासला वाटलं, एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून झालंय आणि ते पेलायला आपल्याकडे फक्त हेच हात आहेत.

जूनमध्ये बर्फ फुटला आणि पहिल्याच बोटीने एनोक, काथ्रिना आणि बोलेटा नुकला गेले. धक्क्यावर सगळी वस्ती आली होती. इसायास शेवटपर्यंत बोटीकडे बघत होता. डेकवर कुणीतरी कुत्र्याची पिल्लं टोपलीत घालून नेत होतं, आणि बोलेटा टोपलीत इतकी वाकली होती की तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.